नवीन आशाताईसाठी: ताप आला की आधी अंग तपास

बाई, तू यंदाच लागलीस म्हणून सांगते, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडं ताप म्हटला की सगळे डेंगू-मलेरिया म्हणतात, पण स्क्रब टायफस डोक्यात ठेवायचाच, २०१८ ला नागपूर अन् आजूबाजूच्या जिल्ह्यात केवढी साथ आली होती. कोकणात पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती, आपल्याकडं स्क्रब टायफसची. उंदरांच्या अंगावर अन् गवतात चिगर नावाचे बारीक किडे असतात, डोळ्याला दिसत पण नाही, ते चावले की जंतू अंगात जातो आणि ताप साधारण दहा दिवसांनी येतो, म्हणून चावल्याचं कुणाला आठवतच नाही.

तू काय करायचं, ताप आलेली बाई निंदणाला, धुऱ्यावर गवत कापायला गेली होती का ते विचार, मग काख, कंबर, जांघ, छातीखाली पाहा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, दुखत नाही म्हणून बाया सांगत नाहीत, लाजतात पण, आडोशाला नेऊन पाहा. खपली नसली तरी आजार नाही असं समजू नको. लगेच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पाठव, डॉक्सीसायक्लिन हे औषध वेळेत मिळालं तर दोन दिवसात ताप उतरतो, उशीर झाला की किडनी, फुप्फुसावर जातं. लस नाही याला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गवतावर नुसतं बसू नका, वावरातून आल्यावर आंघोळ अन् कपडे गरम पाण्यात, हे घरोघरी सांगत राहा.