समुद्र जवळ असला तरी पाणी गार आहे का, ते बघा

तुमचा प्रश्न असा: फ्रान्समधलं बोर्दो, स्पेनमधलं गालिसिया, कॅलिफोर्नियाचा किनारा, या सगळ्यांचं हवामान 'सागरी' म्हणतात, मग तिथल्या वाइनमध्ये साम्य का सापडत नाही? कारण 'सागरी' या एका शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात.

कॅलिफोर्नियापासून सुरुवात करतो, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. किनाऱ्यालगत थंड प्रवाह आहे, शिवाय खोलातलं गार पाणी वर येत राहतं. आतला प्रदेश उन्हाने तापला की हवा वर जाते आणि समुद्रावरची गार, धुक्याने भरलेली हवा आत ओढली जाते. हेच खारे वारे. पण किनाऱ्याचे डोंगर बहुतेक उत्तर-दक्षिण असल्याने ते भिंतीसारखे आडवे येतात. जिथे खिंड, तिथेच गारवा. सांता बार्बराजवळ मात्र डोंगररांगा पूर्व-पश्चिम वळतात, त्यामुळे सांता यिनेझचं खोरं थेट पॅसिफिककडे उघडं आहे. आत जाताना दर मैलाला साधारण १ अंश फॅरनहाइट तापमान वाढतं, असं तिथले बागायतदार सांगतात.

याचा द्राक्षाच्या मण्यावर होणारा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. मण्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्ची पडतं, गारव्यात टिकतं. साखर सावकाश भरते, घड वेलीवर जास्त दिवस राहतो, आणि आम्लता न घालवता सुगंध तयार होतो.

बोर्दोचं तसं नाही. तिथला अटलांटिक उन्हाळा गार करण्यापेक्षा हिवाळा सौम्य करतो, आणि पाऊस आणतो. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर? म्हणून द्राक्षाच्या दोन जाती, लवकर पिकणारी मेर्लो आणि उशिरा पिकणारी काबर्ने सोविन्यों, दोन्ही लावायच्या. तिथलं मिश्रण मुळात हवेपासूनचं संरक्षण आहे, असं मी मानतो. एप्रिल २०१७ च्या कडाक्याच्या दहिवरातही जिरोंद खाडीलगतच्या बागा बऱ्याचशा वाचल्या, त्या पाण्याच्या उबेमुळे.

गालिसियातल्या रियास बाइशासमध्ये ओल हाच खरा शत्रू. म्हणून वेली ग्रॅनाइटच्या खांबांवर, मंडपावर चढवतात, खालून वारा खेळावा आणि घड कुजू नयेत. अल्बारिन्यो या तिथल्या द्राक्षाच्या जातीची साल जाड असते, म्हणून ती तिथे तगते. तिच्यात जाणवणारी खारट छटा मला तरी बरीचशी तीव्र आम्लतेची वाटते.

दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये काम वारा करतो. 'केप डॉक्टर' म्हणतात तो आग्नेयेचा वारा बागा कोरड्या ठेवतो, रोग आटोक्यात राहतात. फुलोऱ्यात जोराने आला तर नुकसानही करतो.

स्वतः चाखून बघायचं असेल तर दोन देशांच्या बाटल्या घेऊ नका. सांता यिनेझच्याच पश्चिम टोकाची, स्टा. रीटा हिल्सची पिनो न्वार (गारवा मानवणाऱ्या द्राक्षाची) घ्या, आणि पूर्व टोकाच्या हॅपी कॅन्यनची काबर्ने (ऊब लागणाऱ्या द्राक्षाची). खोरं एकच, पण एका टोकाला पिनो लावावी लागते आणि दुसऱ्या टोकाला काबर्ने पिकते.