रायल्स ट्यूबवाला (नाकातून पोटात नळी घातलेला) पेशंट पहिल्यांदाच सांभाळतेयस ना, मग हे वाच

अगं, सगळ्यात आधी एकच गोष्ट पक्की कर, ट्यूब पोटातच आहे हे कळल्याशिवाय एक थेंबही द्यायचा नाही. हवा सोडून स्टेथोने गुडगुड ऐकायची जुनी पद्धत इथे इंदूरला अजूनही बरेच जण करतात, पण त्यावर अजिबात विसंबू नकोस, फुफ्फुसात गेलेल्या ट्यूबचाही तसाच आवाज येऊ शकतो. नवीन टाकली की एक्स-रे, आणि नंतर दर फीडच्या (ट्यूबमधून द्यायच्या पातळ अन्नाच्या) आधी ट्यूबवरची नाकाजवळची खूण सरकली नाही ना ते बघ, सिरिंजने पोटातलं थोडं पाणी ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणारी पट्टी) तपास, ५.५ किंवा कमी आला तर ठीक. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर पीएच जास्त येतो, तेव्हा अंदाजाने देऊ नकोस, सिनियरला विचार.

डोकं ३० ते ४५ अंश वर, फीडनंतरही अर्धा-एक तास तसंच. सिरिंजने ढकलू नकोस, आपोआप उतरू दे. खोकला आला, श्वास लागला की लगेच थांब.

नातेवाईक घरून वरणाचं पाणी आणतात, प्रेमाने आणतात गं, पण डाएटिशियनला विचारून आणि बारीक गाळूनच दे, जिरं-मोहरी अडकली की ट्यूब बंद. आधी-नंतर पाण्याने फ्लश, म्हणजे पाणी सोडून ट्यूब साफ कर. औषधं एकत्र कुटायची नाहीत, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तर कुटायच्याच नाहीत, डॉक्टरांकडून सिरप लिहून घे.

ट्यूब ड्रेनेजला, म्हणजे पोटातलं बाहेर काढायला, लावली असेल तर पिशवी पोटाच्या खाली, माप आणि रंग लिही. कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तर ते पोटातलं रक्त असू शकतं, राउंडची वाट बघू नकोस, तिथूनच फोन कर.