कुवेतला निघताना: आधी खाते, मग दिनार

ताई, तुम्ही विचारलंय की भाऊ कुवेतला नोकरीला निघालाय, तर सोबत रोख किती न्यावी, गोव्यात डिचोलीतलं जुनं सेव्हिंग खातं चालेल का, पगार घरी कसा पाठवावा आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) येताना दिनार आणले तर चालतात का. आपले लोक दिनाराच्या दरातल्या चार पैशांसाठी म्हापशापासून पणजीपर्यंत फिरतात आणि पैसा मात्र भलत्याच खात्यात पाठवतात. म्हणून सुरुवात खात्यापासून करतो.

नोकरीसाठी देश सोडला की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे माणूस त्या दिवसापासून अनिवासी होतो. साधं सेव्हिंग खातं त्याला ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं. तसंच ठेवलेली खाती गावोगाव सापडतील, पण केवायसी करायची वेळ आली आणि माणूस कुवेतला राहतो हे दिसलं की व्यवहार अडकतात, आणि ते सोडवायला माणूस इथे नसतो. त्याच खात्यावरच्या एफडीचाही दर्जा बदलून घ्यायला सांगा.

पगारासाठी मात्र वेगळं एनआरई खातं उघडा. फरक समजून घ्या. एनआरईत फक्त परदेशातून आलेला पैसा जातो, व्याजावर इथे कर नाही, आणि हवा तेव्हा सगळा पैसा परत बाहेर नेता येतो. घरभाडं, काजूचे पैसे, जमिनीच्या विक्रीची रक्कम हे सगळं एनआरओत. तिथल्या व्याजावर बँक ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापूनच देते. एकूण उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून परतावा मिळतो, पण हेलपाटे आहेतच. एनआरईतून एनआरओत पैसे एका क्लिकवर जातात. उलट न्यायचे तर सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि वर्षाला दहा लाख डॉलरच्या मर्यादेत ते मोजले जातात. कुवेतचा पगार पहिल्याच महिन्यात चुकून एनआरओत गेला की लोकांना हे कळतं.

एनआरई एफडी किमान एका वर्षाची असते. त्याआधी मोडली तर व्याज शून्य. पतसंस्थेत हे खातं उघडत नाही. गावच्या अर्बन सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का ते आधी विचारा. तुम्हाला किंवा आईला खात्यात नाव घालायचं तर जवळचे नातेवाईक म्हणून जॉइंट नाव लागतं, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने. म्हणजे भाऊ हयात असेपर्यंत खातं त्याचंच. तुम्हाला चालवायचं असेल तर जाण्याआधी बँकेच्या नमुन्यात पॉवर ऑफ अॅटर्नी करून घ्या. तिकडून करायची म्हटली की वकिलातीत साक्षांकन आणि कुरियर आलंच.

नावाचं स्पेलिंग आत्ताच तपासा. आपल्याकडे हा घोळ खास आहे: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज धाटणीचं ‘पोरोब’, आधारवर ‘परब’, कामत कुठे ‘सी’ने तर कुठे ‘के’ने. पासपोर्ट, पॅन आणि बँक खातं यांवर एकच स्पेलिंग हवं. कुवेतची सिव्हिल आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, पासपोर्टवरून बनते, आणि पाठवणाऱ्याचं व खातेदाराचं नाव जुळलं नाही की पैसे मध्येच अडकतात.

मोबाइलचंही बघा. एनआरई-एनआरओ खात्यांना परदेशी नंबरवर यूपीआय चालवायची मुभा जानेवारी २०२३ मध्ये मिळाली, तेव्हाच्या दहा देशांत ओमान, कतार, सौदी, यूएई होते, कुवेत नव्हतं. तेव्हा भारतीय सिम रोमिंगसह जिवंत ठेवायचं आणि त्याचं रिचार्ज कोण करणार ते घरात ठरवायचं. सिम बंद पडलं की ओटीपी बंद, आणि ओटीपी बंद की खातं असून नसल्यासारखं.

आता रोख. तिथे पगाराचं खातं उघडायला सिव्हिल आयडी लागते, आणि ती मेडिकल, बोटांचे ठसे, रेसिडेन्सीची नोंद हे सगळं झाल्यावर मिळते. त्यात काही आठवडे जातात. तेवढ्या काळाचं खाणं, टॅक्सी, सिम आणि खोलीचा अॅडव्हान्स निघेल इतकी रक्कम हवी. कंपनी राहायला देत असेल तर बरीच कमी. नोटांच्या स्वरूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत, म्हणजे साधारण ९०० दिनारांपर्यंत नेता येतं. त्यावरचे पैसे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधीच भरलेल्या कार्डावर. चलन बदलणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊन चलन मिळत नाही. चेक, कार्ड किंवा खात्यातून द्या. भारतीय नोटा जाता-येता २५,००० रुपयांपर्यंत.

तिथल्या फलकावरचे ‘बाय’ आणि ‘सेल’ दर हे दुकानदाराच्या बाजूचे असतात. तुम्ही दिनार घेताय, तर तुमचा दर ‘सेल’चा. नेटवरचा मधला दर समजा २८० आहे आणि काउंटर २८७ सांगतोय, तर अडीच टक्के गेले. ‘नो कमिशन’ची पाटी असली तरी कमिशन त्या सात रुपयांत बसलंय. वर जीएसटी: एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का मूल्य धरून त्यावर १८ टक्के, म्हणजे एक लाखाला १८० रुपये आणि कमीत कमी ४५. कोणी ‘टॅक्स’ म्हणून दोन हजार सांगितले तर पावती मागा. दिनार डॉलरला नाही, अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे. म्हणून डॉलर घेऊन तिथे दिनार करण्यात फायदा आहे का, हे दोन्ही बदलांचा खर्च मांडूनच ठरवा. बहुतेकदा नसतो.

पगार पाठवताना बँकेपेक्षा तिथल्या एक्सचेंज कंपन्यांचा मार्ग सोपा पडतो. त्यांचे भारतातल्या बँकेशी रुपयांतले करार असतात, त्यामुळे पावतीवर जितके रुपये छापले तितकेच पोचतात. बँकेच्या स्विफ्टने, म्हणजे एका देशातल्या बँकेतून दुसऱ्या देशातल्या बँकेत, पाठवलं तर मधली बँकही आपला वाटा कापू शकते. फी बहुधा दर व्यवहाराला ठरलेली असते, म्हणून महिन्यातून चारदा थोडे-थोडे पाठवण्यापेक्षा एकदाच. कुवेतची सुट्टी शुक्रवार-शनिवार, भारताचा चलनबाजार शनिवार-रविवार बंद. त्यामुळे रविवारी तिथे कामाचा दिवस असला तरी दर शुक्रवारचाच असतो, आणि जोखीम म्हणून मधल्या दरापासूनचं अंतर वाढवलेलं. सोमवार ते गुरुवार पाठवा. फॉर्मवर खात्याचा प्रकार ‘एनआरई’ असं स्पष्ट लिहायला सांगा.

घरखर्चाचे पैसे आईच्या खात्यात थेट पाठवले तर कर नाही. मुलाने दिलेली भेट ती. बायकोच्या खात्यात पाठवून तिने एफडी केली तर मात्र व्याज भावाच्या उत्पन्नात जोडलं जातं. ‘आमच्या माणसाला तिथे दिनार दे, इथे घरपोच रुपये’ हा हवाला आहे. दंड रकमेच्या तिप्पटपर्यंत, आणि पैसा कुठून आला हे कागदावर कधीच दाखवता येत नाही.

निघायच्या तारखेचंही एक आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले की प्राप्तिकरासाठी तो त्या वर्षी निवासी, आणि मग कुवेतचा करमुक्त पगारही इथे करपात्र. १ एप्रिलपासून मोजलं तर १८२वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. चवथ करून निघालात तर ठीक, ‘आता दसराही करूनच जातो’ म्हणाल तर महाग पडू शकतं.

सुट्टीला येताना नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त, म्हणजे साधारण १,५०० दिनारांवर असतील, तर विमानतळ मोपा असो की दाबोळी, कस्टम्सकडे चलन घोषणापत्र भरायचं आणि शिक्का मारलेली प्रत जपायची. ती असेल तरच इतकी रक्कम एनआरईत भरता येते. कुवेतहून निघताना ३,००० दिनारांपासून तिथेही घोषणा लागते. एनआरआयला काउंटरवर ३,००० डॉलरपर्यंतचेच रुपये रोख मिळतात, बाकी खात्यात. दिनार मोडून मिळालेले रुपये मात्र एनआरईत चालत नाहीत, तेव्हा भरायचेच असतील तर नोटा बँकेतच न्या. तो तुमच्यासाठी दिनार ठेवून गेला तर निवासी माणसाला २,००० डॉलरइतकंच घरात ठेवता येतं.

कपाटात काकांनी ठेवलेले जुने दिनार असतील तर ते भावाच्या हाती देऊ नका. कुवेतच्या पाचव्या मालिकेच्या नोटा १८ एप्रिल २०२५ नंतर तिथेही बदलून मिळत नाहीत, फक्त २०१४ची सहावी मालिका चालते. फिल्सची, म्हणजे दिनाराच्या सुट्या पैशांची, नाणी इथे कोणीच घेत नाही. ती कुवेतच्या विमानतळावरच चहापाण्यात संपवायची.