जुनी इलेक्ट्रिक लॅप स्टील: आधी मीटर, मग तारा, पॉलिश नकोच

जुन्या सामानात सापडलेल्या लॅप स्टील गिटारबद्दल तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. तारा पट्टीपासून बोटभर वर आहेत, तर नट (डोक्याकडची, तारा टेकण्याची आडपट्टी) घासून खाली घ्यावा का? अ‍ॅम्पला जोडल्यावर नुसती घरघर येते, तर पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) बदलावा का? मोतिया आवरण पिवळं पडलंय, ते पॉलिश करावं का? आणि नेहमीच्या गिटारच्या तारा चालतील का? चारही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. शेवटच्याला थोडा अपवाद आहे, तो खाली सांगतो.

आधी तारांची उंची. हे वाद्य मांडीवर आडवं ठेवून वाजवतात आणि तारा बोटांनी दाबायच्याच नसतात. डाव्या हातातला लोखंडी बार तारांवर ठेवून सरकवायचा असतो. नट खाली घेतला की बार पट्टीला घासतो आणि सगळी मजा जाते. म्हणून साधारण आठ-दहा मिलिमीटर उंची हा दोष नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली आहे. पट्टीवर खरे पडदे नाहीत, नुसत्या रेघा आहेत, त्याचंही कारण हेच. मान वाकली आहे का, अशी शंका तुम्ही घेतलीत, ती तारांच्या उंचीवरून ठरवू नका. लांब सरळ पट्टी उभी धरून पाहा. ही वाद्यं बहुधा एकसंध लाकडाची असतात आणि क्वचितच वाकतात.

एक मोजमाप मात्र नक्की करा. नटपासून बाराव्या रेघेपर्यंतचं अंतर आणि बाराव्या रेघेपासून घोडीपर्यंतचं अंतर सारखं हवं. कधी रेघांची पट्टी निघून पुन्हा चिकटवलेली असते आणि सरकलेली असते. २२.५ इंच लांबीच्या तारेवर बाराव्या रेघेपाशी एक मिलिमीटर चुकलं तर सूर सहा सेंटने (सेंट म्हणजे अर्धसुराचा शंभरावा भाग) हलतो, म्हणजे कानाला बोचेल इतका. तिथे अकराव्या आणि बाराव्या रेघेत जेमतेम १७ मिलिमीटर अंतर असतं, पहिल्या रेघेपर्यंत मात्र ३२. बार नेमका रेघेच्या डोक्यावर हवा. गिटारसारखा पडद्याच्या मागे ठेवलात तर कणसूर होणार. आणि तिरकस न पाहता वरून सरळ पाहा.

आता घरघर आणि पिकअप, कारण या वाद्याचा जीव तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय की तारा एका धातूच्या खोक्यातून आत शिरून पलीकडे निघतात. त्यावरून आणि मोतिया आवरणावरून मला हे शिकागोच्या वाल्को कारखान्यातलं सुप्रो किंवा त्याच घरातलं दुसऱ्या नावाचं वाद्य वाटतं. व्हिक्टर स्मिथ, अल फ्रॉस्ट आणि लुई डोपेरा या तिघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून वाल्को हे नाव पडलं. हे शिकाऊंसाठी, बऱ्याचदा छोट्या अ‍ॅम्पसकट विकलं जाणारं वाद्य होतं, म्हणून लोक त्याला हलकं समजतात. पण गिटारवादक राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला घोडीजवळ याच जातीच्या लॅप स्टीलचा पिकअप बसवला, आणि पुढे कित्येकांनी तो आवाज मिळवायला चांगली धडधाकट वाद्यं मोडून फक्त पिकअप काढून घेतला. अशी कोरी पोकळी घेऊन फिरणारं वाद्य मी पाहिलंय, फार वाईट वाटतं. तुमच्याकडे तो शाबूत आहे. बदलू नका.

घरघर पिकअपमुळेच आहे असंही नाही. एक साधा मल्टिमीटर घ्या, रोध मोजण्यावर लावा, केबल वाद्याला जोडा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकचं टोक व बाजू यांवर मीटरच्या दोन काड्या टेकवा. काही हजार ओहम आले तर पिकअपची गुंडाळी जिवंत आहे. मीटर अनंत दाखवत असेल तर कुठेतरी तुटलंय, शून्य असेल तर कुठेतरी चिकटलंय. ‘कुठेतरी’ म्हणतोय ते मुद्दाम. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा दोष जॅकमध्ये, सोल्डरच्या सुटलेल्या सांध्यात किंवा घोडीला जाणाऱ्या जमिनीच्या (अर्थच्या) तारेत निघाला. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते का पाहा. होत असेल तर ती जमिनीची तार जागेवर आहे आणि उरलेली गुणगुण एकेरी गुंडाळीच्या पिकअपला थोडीफार असतेच. पॉटची (व्हॉल्यूम-टोनच्या मुठीखालच्या भागाची) नुसती खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून मूठ वीस-तीसदा फिरवा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पिकअप मात्र उघडू नका. आतली तार सुमारे ०.०६ मिलिमीटरची असते, केसाच्या जाडीची. स्क्रूड्रायव्हरचं टोक घसरलं की सत्तर वर्षं टिकलेली गुंडाळी गेली. टोनचा जुना मेणकागदी कपॅसिटरही तसाच ठेवा. वाद्यात त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतंच. जुन्या अ‍ॅम्पमधले तसलेच कपॅसिटर मात्र बदलावे लागतात, कारण तिथे शेकडो व्होल्ट असतात.

आणि त्या अ‍ॅम्पबद्दल एक गोष्ट कळकळीने. वाद्यासोबत त्या काळातला अ‍ॅम्पही असेल आणि त्याच्या वायरीला दोनच पिना असतील, तर तो लावू नका. त्यात बऱ्याचदा मुख्य विजेच्या तारेपासून धातूच्या सांगाड्यापर्यंत एक कपॅसिटर जोडलेला असतो. तो बिघडला तर तुमच्या हातातला लोखंडी बार आणि तारा थेट मुख्य विजेला जोडल्या जातात. जाणकाराकडून तीन पिनांची वायर बसवून घ्या, तो कपॅसिटर काढून टाका आणि मगच वाजवा.

मोतिया आवरण त्या काळात सहसा सेल्युलॉइडचं असे. ते कालांतराने पिवळं पडतं, आकसतं, कडांना उचकटतं. अ‍ॅसिटोन किंवा थिनर लावलात तर ते विरघळेल, आणि ते पेट घेणारं आहे, त्यामुळे सोल्डरिंगची तापलेली इस्त्री त्याच्यापासून दूर ठेवा. किंचित ओलसर मऊ कापड पुरे. बंद पेटीत उन्हात ठेवू नका. पिवळेपणा राहू द्या, ते त्याचं वय आहे.

तारा. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या लॅप स्टीलला मी साध्या गिटारचा संच लावून सी-सिक्स्थ नावाची जुळणी लावायला गेलो. चौथी तार ओढतानाच टेलपीसचा (तारांची टोकं अडकवायच्या तुकड्याचा) एक स्क्रू लाकडातून उपटून निघाला. नंतर हिशेब केला. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सी-सिक्स्थमध्ये जाड बाजूने सी, ई, जी, ए, सी, ई असे सूर लागतात, आपल्या भाषेत सा ग प ध सा ग. म्हणजे नेहमीची सहावी तार ई वरून आठ अर्धसूर वर न्यायची. तार आखूड असल्याची सूट धरूनही ताण जवळजवळ दुप्पट होतो. पाचवीचा पावणेदोनपट, चौथीचा चाळीस टक्क्यांनी जास्त. जुन्या लाकडाने का सोसावं? सी-सिक्स्थसाठी वेगळा, त्या सुरांसाठीच बनवलेला संच मिळतो, तोच घ्या.

अपवाद म्हणालो तो असा. ओपन डी ही जुळणी म्हणजे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. सा प सा ग प सा. यात एकही तार नेहमीपेक्षा वर जात नाही, काही खालीच येतात. म्हणून साधा संच चालतो, फक्त आखूड वाद्यावर थोडा सैल वाटतो. एक माप जाड संच घेतला तर बार छान बसतो. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. बार कुठेही आडवा ठेवा, सहाही तारांचा मेळ तयार असतो. सी-सिक्स्थमधला ध फार गोड आहे, पण न छेडलेली तार दाबून ठेवता आली नाही तर तोच ध नको तिथे वाजत राहतो. बारच्या मागे डाव्या हाताची उरलेली बोटं तारांवर हलकी टेकवायची सवय लागली की सी-सिक्स्थकडे वळा.

खुंट्यांना तेलाचा एकेक थेंब. डोकी भुसभुशीत झाली असतील तर बदला, जुनी जपून ठेवा.

‘हे खरं वाद्य की खेळणं’ असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार लॅप स्टीलच होती. जॉर्ज बीचमने १९३१ साली लाकडी नमुना केला आणि १९३२ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची रिकनबॅकर बाजारात आली, गोल अंग आणि लांब मान अशी, म्हणून तिला तवा म्हणत. नालाच्या आकाराचे दोन चुंबक तारांवरून वळसा घालत होते. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाई बेटांच्या संगीताचं अमेरिकेला वेड लागलं होतं आणि बँडच्या गदारोळात स्टीलचा आवाज पोचत नव्हता, म्हणून वीज प्रथम हिच्याकडे आली. अ‍ॅल्युमिनियम दिव्यांच्या उष्णतेने तापून सूर उतरायचा, म्हणून १९३५ मध्ये बेकलाइटची आवृत्ती निघाली. तुमच्या हातातली लाकडी लॅप स्टील त्याच घराण्यातली आहे.

वय काढायचं असेल तर मागच्या बाजूला खिळ्यांनी ठोकलेली छोटी धातूची पट्टी शोधा, त्यावर क्रमांक असतो. पॉटच्या पाठीवरही आकडे असतात. उदाहरणार्थ ३०४६३४: ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६ म्हणजे बहुधा १९५६, ३४ वा आठवडा. १३७ ने सुरू झाला तर तो सीटीएसचा. वाद्य त्या तारखेच्या आधीचं नसतं, पॉट मागाहून बदललेला नसेल तर.

मीटरवर आलेला आकडा, पट्टीवरचा क्रमांक आणि नटपासून घोडीपर्यंतची लांबी इथे लिहा. तारांच्या जाडीचा हिशेब त्यावरून मी करून देतो. तोपर्यंत आहेत त्या तारा निम्म्या सैल करून ठेवा.