वाचकांचे प्रश्न : शेल्डनच्या फळ्यावरचे गणित

प्रश्न : माझा अकरावीतला मुलगा ‘द बिग बँग थिअरी’ ही अमेरिकन विनोदी मालिका पुन्हा पुन्हा पाहतो. शेल्डन आणि लेनर्ड या त्यातल्या भौतिकशास्त्रज्ञ मित्रांच्या घरातील पांढऱ्या फळ्यांवरची समीकरणे खरी असतात, असे तो ठामपणे सांगतो. मला ती नुसती सजावट वाटते. कोणाचे बरोबर?

उत्तर : मुलाचे बरोबर आहे. २४ सप्टेंबर २००७ ते १६ मे २०१९ या काळात सीबीएस वाहिनीवर दाखवल्या गेलेल्या या मालिकेचे विज्ञान-सल्लागार डेव्हिड सॉल्ट्झबर्ग हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असून, अंटार्क्टिकाच्या बर्फातून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या मदतीने न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण शोधण्याच्या प्रयोगात त्यांनी स्वतः काम केले आहे. संवादांत जिथे शास्त्रीय मजकूर हवा असे, तिथे लेखक जागा मोकळी सोडत आणि सॉल्ट्झबर्ग ती भरून देत. फळ्यांवरची समीकरणेही त्यांचीच.

मला मात्र फळ्यापेक्षा तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग अधिक मोलाचा वाटतो. एकच ध्रुव असलेले चुंबकीय कण शोधण्यासाठी चौघे मित्र उत्तर ध्रुवाकडे जातात, शेल्डनला हवी तशी निरीक्षणे मिळतात आणि तो विद्यापीठभर तसे कळवूनही टाकतो. प्रत्यक्षात त्याच्या त्राग्याला कंटाळलेल्या मित्रांनी विजेवर चालणारे डबे उघडण्याचे यंत्र चालू-बंद करून ती निरीक्षणे निर्माण केलेली असतात. सत्य कळल्यावर शेल्डनला आपला दावा मागे घ्यावा लागतो. असा कण आजतागायत निर्विवादपणे सापडलेला नाही, म्हणूनच तो मोह किती मोठा असेल हे समजते. मुलाबरोबर बसून हा भाग अवश्य पाहा आणि मित्रांनी नेमके काय बिघडवले, हे त्याच्याकडून समजून घ्या.

प्रश्न : मालिकेत ऐकू येणारे हसू यंत्रातून घातलेले असते का?

उत्तर : बहुतेक दृश्ये बरबँक येथील वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत, समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या उपस्थितीत चित्रित होत. हसू मुळात त्यांचेच.

प्रश्न : शेल्डनच्या विक्षिप्तपणावर हसणे मला खटकते. माझा भाचा त्याच्यासारखाच आहे.

उत्तर : तुमची अस्वस्थता रास्त आहे, आणि सुरुवातीच्या पर्वांत काही विनोद निष्ठुर आहेत, असे माझेही मत आहे. शेल्डनच्या स्वभावाला मालिकेने कोणत्याही आजाराचे वा स्थितीचे नाव दिले नाही. त्यामुळे भाच्याविषयीचा निष्कर्ष मालिकेवरून काढू नये. तथापि, शेजारीण पेनीच्या दारावर तीन वेळा टकटक करून दर वेळी तिचे नाव घेण्याची त्याची सवय आठवा. अनेक वर्षे प्रेक्षक तिला हसले. दहाव्या पर्वात तो पेनीला सांगतो, की तेराव्या वर्षी घरी येऊन दार उघडले, तेव्हा त्याला वडील परस्त्रीसोबत दिसले होते. पहिली टकटक रीत म्हणून आणि पुढच्या दोन आतल्या माणसांना कपडे सावरता यावेत म्हणून. हे ऐकल्यानंतर जुने भाग पुन्हा पाहताना ती टकटक मला पूर्वीसारखी ऐकू येत नाही.