दुबईला निघालायस? मग आधी डिग्रीकडे बघ

परदेशात पदवी खरी मानली जावी म्हणून तिच्यावर सरकारी शिक्का लागतो. तो अपोस्टिल (म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा शिक्का) की वकिलातीचा, हे आधी ठरव. भारत 2005 पासून अपोस्टिल करारात आहे, पण अमिराती, कुवेत, कतार नाहीत. तुझ्या बडोद्यातल्या मित्राचं कॅनडाचं काम अपोस्टिलवर भागेल, तुझं नाही. तुझा क्रम असा: राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, आणि शेवटी अमिरातीच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. यातली पायरी गाळता येत नाही.

राहतोस बडोद्यात म्हणून सगळं गांधीनगरलाच होईल असं समजू नकोस. एम. एस. युनिव्हर्सिटीची पदवी गुजरातमधून, पुण्याची असेल तर महाराष्ट्रातून. ज्या राज्यातली संस्था, तिथलाच शिक्का. लग्नाच्या दाखल्यालाही तोच नियम.

परराष्ट्र मंत्रालय 2012 पासून कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीकडेच द्यावे लागतात. बडोद्याच्या रावपुऱ्यातला कुणी ‘आतून करून देतो’ म्हणाला तर सरळ घरी ये. मूळ पदवी देताना पोच घ्यायचीच.

आणि हो, आईनं कौतुकानं लॅमिनेट केलेली पदवी? शिक्का कागदाच्या मागच्या बाजूला बसतो रे, लॅमिनेशनवर नाही! डुप्लिकेटसाठी आजच अर्ज कर.