ग्रीक बायबलमधल्या 'प्राउस' शब्दाचा नेमका अर्थ काय? 'सौम्य' म्हणजे सगळं निमूट सोसणारा का?

नाही. निमूट सोसणं वेगळं आणि प्राउस वेगळं. प्रश्न बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

हा शब्द येतो मत्तयाच्या शुभवर्तमानात, 5:5 ला, 'जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.' आमच्या घरात या वचनावरून भांडण झालंय. नगर जिल्ह्यात आमचं आणि चुलत्यांचं रान लागून, आणि दरवर्षी नांगरटीला ते बांध कोरायचे, यंदा नांगराचं एक तास म्हणजे एक ओळ, पुढच्या वर्षी अजून एक. पप्पा आठ-नऊ वर्षं गप्प राहिले आणि सगळी भावकी म्हणायची, किती सौम्य माणूस. मग त्यांनी सरकारी मोजणी आणली तर हद्द चुलत्यांच्या ज्वारीत चार हात आत निघाली. पप्पा तिथं उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, दगड इथंच बसंल, अन् यापुढं नांगर अलीकडं आला तर मी आडवा उभा राहीन." शिवी नाही, हात उचलला नाही, फक्त आवाज चढला होता आणि मोजणीचा कागद धरलेली बोटं थरथरत होती. संध्याकाळच्या प्रार्थनेत चुलत्यांनी हेच वचन वाचलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, आमच्या भावाची सौम्यता गेली. मी बारावीला होते, मला उत्तर सुचलं नाही.

पुढे थिऑलॉजीला ग्रीक शिकले तेव्हा सापडलं. अ‍ॅरिस्टॉटलने 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या चौथ्या भागात हाच गुण घेतलाय, तिथं शब्दाचं रूप प्राओस. एका टोकाला सारखा भडकणारा, दुसऱ्या टोकाला कधीच न रागावणारा, आणि प्राओस म्हणजे योग्य गोष्टीवर, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच वेळ रागावणारा. अपमान गिळून बसणं हे तो गुलामी वृत्तीचं मानतो. आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात गणना 12:3 ला मोशेला 'फार प्राउस' म्हटलंय, त्याच मोशेने लोक सोन्याचं वासरू पुजताना बघून रागाने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या होत्या. मग पप्पांचं काय चुकलं? माझं स्पष्ट मत आहे, ज्याने बांध कोरला त्याने दुसऱ्याला सौम्यता शिकवू नये, आणि तुम्हाला कोणी हे वचन तोंडावर मारत असेल तर आधी विचारा, यात त्याचा फायदा किती.

'प्राउस म्हणजे लढाईसाठी तयार केलेला घोडा' असं प्रवचनात सांगतात ते मात्र धरू नका. झेनोफोन या जुन्या ग्रीक लेखकाने शिंगराबद्दल हा शब्द वापरलाय खरा, पण माणसाळलेला एवढ्याच अर्थाने, तो काही खास युद्धाचा शब्द नाही.

अजून एक, हे आधी सांगायला हवं होतं. मत्तयातलं वचन स्तोत्र 37:11 वरून आलंय, आणि तिथला हिब्रू शब्द अनावीम म्हणजे दबलेले, गरीब लोक. म्हणून नुसत्या अ‍ॅरिस्टॉटलवर अर्थ उभा करता येत नाही. त्याच स्तोत्रात आठव्या ओवीत राग सोडून दे असंही आहे, चुलते ते लगेच काढतील. पण पप्पांनी राग धरलाच नव्हता, त्याच महिन्यात चुलत्यांच्या ज्वारीच्या काढणीला ते आम्हा सगळ्यांना घेऊन गेले होते.